आईवडिलांचे स्थलांतर : नाते, हमी आणि ये-जा

परदेशगमनाचा विचार बहुधा गेलेल्या मुलामुलींच्या बाजूने केला जातो. मागे राहिलेल्या आईवडिलांचे एकाकीपण मराठी रंगभूमीने ओळखले. जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. मात्र त्याच आईवडिलांना कायमचे बोलावून घ्यावयाचे ठरले, तर नात्याला कोणते रूप येते, हा त्यापुढील प्रश्न आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्र सोडून दिल्ली-गाझियाबाद परिसरात स्थिरावलेल्यांच्या बाबतीत तो अधिक तीव्र होतो. त्यांचे हे दुसरे स्थलांतर असते. पहिले कर्तेपणाचे, दुसरे आश्रितपणाचे.

अमेरिकेत किमान 21 वर्षे वयाच्या नागरिकालाच आईवडिलांसाठी अर्ज करता येतो; ग्रीन कार्डधारकाला ती सोय नाही. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, परंतु आजीआजोबांसाठी थेट तरतूदही नाही. कॅनडाच्या योजनेत कायम निवासी व्यक्तीलाही प्रायोजक होता येते आणि आजीआजोबांचाही समावेश होतो. तेथे अडचण जागांची आहे. 2020 साली इच्छुकांची नोंद झाली आणि 2021 ते 2025 या काळातील निमंत्रणे त्याच यादीतून दिली गेली.

मराठीत ‘प्रायोजक’ म्हटले की स्पर्धेचा वा कार्यक्रमाचा खर्च उचलणारा आठवतो. येथे त्याचा अर्थ ‘जामीन राहणारा’ या शब्दाच्या अधिक जवळ आहे. क्वेबेक वगळता कॅनडात आईवडिलांसाठी ही हमी 20 वर्षांची असते. त्या अवधीत त्यांनी सरकारी निर्वाहसाहाय्य घेतल्यास ती रक्कम प्रायोजकाकडून वसूल होऊ शकते. भारतातील 2007 च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्यानेही अपत्यांवर जबाबदारी टाकली. परंतु तेथे दाद मागण्याचा अधिकार आईवडिलांचा आहे. परदेशातील हमी मुख्यतः शासनाला दिलेली असते. ‘सांभाळणे’ हे घरातले क्रियापद अशा रीतीने उत्पन्नाच्या दाखल्यावर येऊन ठेपते.

याची एक इष्ट बाजूही आहे. या सर्व कायद्यांना मुलगा व मुलगी यांत भेद मान्य नाही. लेकीच्या घरी कायमचे राहू नये, हा जुना संकेत त्यामुळे सैल होण्यास वाव मिळतो.

कायम निवासाला मात्र निवासाचीच अट असते. कॅनडात पाच वर्षांत किमान 730 दिवस राहावे लागते. अमेरिकेत पूर्वपरवानगीविना वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना ग्रीन कार्ड पुरेसे ठरत नाही. घर, भावंडे, निवृत्तिवेतन आणि परिचित डॉक्टर इकडे असलेल्या वृद्धांना पुष्कळदा वास्तव्यापेक्षा ये-जा हवी असते. कॅनडाने 2011 मध्ये सुरू केलेला ‘सुपर व्हिसा’ या गरजेच्या जवळ जातो. 2022 पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. खाजगी आरोग्यविमा मात्र सक्तीचा आहे, आणि कायम निवासाचे हक्क त्यातून मिळत नाहीत.

म्हणून प्रायोजकत्वाचा विचार ‘आईवडिलांना नेता येईल काय’ एवढ्यावर थांबता कामा नये. त्यांना तेथे कोणत्या नात्याने राहावयाचे आहे आणि परतीचे घर राखावयाचे आहे काय, हे प्रथम त्यांनाच विचारले पाहिजे. अर्जावर मुलाची वा मुलीची मिळकत तपासली जाते; आईवडिलांची इच्छा तपासण्याचे काम कुटुंबाचेच आहे.