क्रिएटिनिन नॉर्मल, तरी किडनीत पू

हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली पाठीत ठणका. लॅबचा रिपोर्ट हातात पडला की घरचे आधी क्रिएटिनिन शोधतात. ते नॉर्मल दिसलं की ‘चला, किडनी शाबूत आहे’ म्हणून सगळे निर्धास्त. किडनीच्या तीव्र जंतुसंसर्गात हा दिलासा बऱ्याचदा फसवा निघतो.

क्रिएटिनिन सांगतं ते मुख्यतः रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छांबद्दल. हा आजार मात्र बहुधा खालून वर चढतो. आतड्यात गुण्यागोविंदाने नांदणारा ई. कोलाय मूत्राशयात शिरतो. लघवीच्या धारेबरोबर तो वाहून जायला हवा. पण त्याच्या काही जातींच्या अंगावर ‘पी’ नावाचे बारीक तंतू असतात. ते मूत्रमार्गाच्या नि किडनीच्या पेशींवरच्या ठरावीक शर्करेला चिकटून बसतात. जंतूंच्या विषाने मूत्रवाहिनीचं आकुंचन-प्रसरणही मंदावतं, मग वर जायला आडकाठी उरत नाही.

पुढची नासधूस बऱ्याच अंशी आपल्याच पांढऱ्या पेशी करतात. जंतूंची चाहूल लागताच न्यूट्रोफिल झुंडीने येतात, किडनीतल्या नलिकांच्या भिंती ओलांडून आत घुसतात. जंतू मारायला सोडलेली त्यांची रसायनं शेजारच्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर नलिका पुवाने ठासलेल्या आणि त्यांना खेटून असलेले केशिकागुच्छ जवळजवळ धडधाकट! शिवाय रोग किडनीभर सारखा पसरत नाही. पाचरीसारखे पट्टे पडतात, मधला भाग चांगला राहतो. दुसरी किडनी तर बहुधा ठणठणीतच असते. क्रिएटिनिन हलणार कशाने?

नलिकेत गच्च बसलेल्या पेशी तिच्याच आकाराचा साचा होऊन लघवीत उतरतात. ताप आणि पाठदुखी असलेल्या रुग्णाच्या लघवीत असा साचा दिसला, तर दुखणं मूत्राशयापुरतं नाही, किडनीपर्यंत पोचलंय. रिपोर्टातली ही एक ओळ मला क्रिएटिनिनपेक्षा मोलाची वाटते. मधुमेह असेल तर मामला आणखी गंभीर होऊ शकतो: क्वचित जंतू साखर आंबवून किडनीतच वायू तयार करतात, आणि मग दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

लघवी वेळेवर होणं हा शरीराचा मूळ बंदोबस्त. दिवसभर बाजारपेठेत असलेली बाई मात्र जागा नाही म्हणून पाणीच कमी पिते. पुण्यात जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं झाली. त्यांचा खर्च मी तरी बिनदिक्कत आरोग्याच्या खात्यात धरीन.

राहिला औषधाचा प्रश्न. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं पेनिसिलिन १९५५ मध्ये निघू लागलं, पण ई. कोलायच्या बाहेरच्या पटलापुढे साध्या पेनिसिलिनचं फारसं चालत नाही. आता तर त्यानंतरच्या कित्येक औषधांनाही तो दाद देत नाही. कुठलं औषध लागू पडेल हे कल्चर सांगतं, आणि त्यासाठी लघवी अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन मग लॅब गाठली, तर बाटलीत जंतू वाढत नाहीत, किडनीतले मात्र तगून असू शकतात.