फी पाठवताय? पाचवं-सहावं अक्षर बघा!

नीटनंतर लातूर-नांदेडची कितीतरी मुलं एमबीबीएससाठी जॉर्जिया, किर्गिझस्तान गाठतात. तुमचंही ठरतंय? मग फी भरण्याआधी हे वाचाच. आपला आयएफएससी देशाबाहेर चालत नाही; तिथे लागतो स्विफ्ट कोड. तो ८ किंवा ११ अक्षरी असतो. पहिली ४ अक्षरं बँकेची, पुढची २ देशाची, त्यापुढची २ ठिकाणाची. शेवटची ३ असलीच तर शाखेची. जॉर्जियाचं ‘जीई’, किर्गिझस्तानचं ‘केजी’. कॉलेज जॉर्जियात आणि कोडमध्ये यूएईचं ‘एई’? थांबा! एजंटला सोडा, थेट विद्यापीठाला विचारा. खातं विद्यापीठाच्याच नावावर आहे ना, तेही बघा. बाबांनी शेत गहाण ठेवून उभे केलेले पैसे चुकीच्या खात्यात गेले, तर परत मिळणं महाकठीण!