जव्हारची राजबारी पाहा, मग आपल्या गावचा वाडा पाहा

पालघर-बोईसरकडच्या माणसाचं जव्हारला जाणं होतं ते कामापुरतं. कचेरीतलं काम उरकायचं आणि परतीची एसटी गाठायची. पुढच्या खेपेला मात्र तासभर राखून ठेवा आणि टेकडीवरचा जयविलास राजवाडा पाहून या. मनोर, विक्रमगड मार्गे घाट चढून गेलं की जव्हार. तिथं कोणालाही 'राजबारी कुठं?' म्हणून विचारा, वाट दाखवतील. वास्तू खासगी मालकीची आहे. आत जाण्याआधी परवानगी घ्या.

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचं संस्थान. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी त्याचा पाया घातला. पुढं सहाशे वर्षं ते टिकलं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी हा राजवाडा बांधला. दगडी बांधकाम, वर घुमट, खाली खांबांचे व्हरांडे. विलायती आणि देशी धाटणीचा मेळ इथं दिसतो. भोवती काजूची झाडं.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. १९७१ मध्ये देशभरच्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. उत्पन्न गेलं, पण छपरावरचा पाऊस काही थांबला नाही. जुन्या मोठ्या घरांची खरी अडचण हीच आहे.

आता आपल्या गावाकडे या. तुमच्याकडेही एखादा जुना वाडा असेल. सातबारावर दहा-बारा नावं, वारसदार मुंबईला आणि कुलूप गंजलेलं. अशा घराला पहिला धोका पाण्याचा. पावसाळ्याआधी कौलं फेरून घ्या, पन्हळी साफ करा. भिंतीत उगवलेला पिंपळ लहान असतानाच मुळासकट काढा. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोकळ होत जाते. चुना कालवणारा जुना गवंडी अजून हयात असेल तर त्याच्या हाताखाली एक पोरगा द्या.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. नमुना ८ वर घराची नोंद असते ती कर आकारणीपुरती. गावातल्या जुन्या वास्तूंची वेगळी यादी करा, फोटो काढून दप्तरी ठेवा आणि वारसांना ग्रामसभेत बोलवा. राजवाड्याचं नाव तरी लोकांच्या तोंडी आहे. गावचा वाडा एकदा पडला, की त्याचा दगड कुणाच्या बांधाला गेला तेही कळणार नाही.