बावीस हजार फुटांवरचा उंदीर, आणि आपला सिंहगडचा

वसईतल्या पापडीहून पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर पाहिला की तो चांगलाच उंच वाटतो. उंची साधारण दोन हजार फूट. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. आता चार कळसूबाई एकावर एक रचा आणि माथ्यावर जा. तिथे उंदीर राहतो!

हा माथा चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवरच्या लुलाइलाको ज्वालामुखीचा, उंची ६,७३९ मीटर, म्हणजे बावीस हजार फुटांहून जास्त. २०१३ मध्ये गिर्यारोहकांना सुमारे ६,२०० मीटरवर बर्फात एक उंदीर पळताना दिसला. मग फेब्रुवारी २०२० मध्ये जीवशास्त्रज्ञ जे स्टॉर्झ आणि गिर्यारोहक मारियो पेरेझ मामानी थेट शिखरावर गेले आणि तिथे त्यांनी एक जिवंत उंदीर पकडला. समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी ऑक्सिजन, हाडं गोठवणारी थंडी, आजूबाजूला गवताची काडी नाही. सस्तन प्राण्यांमधला उंचीचा हा विक्रम! त्याआधीचा मान हिमालयातल्या मोठ्या कानांच्या पायकाकडे (सशाच्या छोट्या नातेवाइकाकडे) होता, ६,१३० मीटर.

गंमत पुढेच आहे. मोठ्या, पातळ कानांच्या या उंदराची हीच जात खाली समुद्रकिनाऱ्यालाही सापडते. म्हणजे पापडीच्या पातळीवरही घर आणि चार कळसूबाईंच्या डोक्यावरही घर.

एखादा उंदीर वाट चुकून वर आला असेल? ही शंका २०२३ मध्ये मिटली. आसपासच्या सहा हजार मीटरपेक्षा उंच ज्वालामुखींच्या माथ्यांवर १३ उंदरांची वाळून ममी झालेली शरीरं मिळाली. त्यांत नरही होते, माद्याही. इंका लोक याच शिखरांवर बळी द्यायला चढत. लुलाइलाकोवर १९९९ मध्ये तीन इंका मुलांच्या ममी मिळाल्या होत्या. इंकांच्या सामानातून उंदीर वर गेले असावेत असाही एक तर्क होता, पण सगळ्यांत जुनी ममी फार तर साडेतीनशे वर्षांची निघाली. तोवर इंका साम्राज्य कधीच संपलेलं होतं. उंदीर स्वतःच्या पायांनी चढले!

उंचावर तगून राहणारा तिबेटच्या पठारावरचा पायका तर शीतनिद्राही घेत नाही. हिवाळ्यात शरीराची धग कमी करतो आणि चारा संपला की याकचं शेण खातो.

आता घरच्या उंदराकडे येऊ, कारण त्याचं मोल मला या सगळ्यांहून जास्त वाटतं. पुण्याजवळच्या सिंहगडाच्या माथ्यावर, सुमारे १,३०० मीटरवर, मऊ केसांचा एक उंदीर राहतो. ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांनी १९७५ मध्ये ही नवी जात जगापुढे मांडली आणि गडाच्या जुन्या नावावरून तिला नाव दिलं : मिलार्डिया कोंडाणा. रोज माणसांनी गजबजणाऱ्या गडावर एक आख्खा सस्तन प्राणी विज्ञानाला तोवर अनोळखी होता!

नावातला मिलार्ड मुंबईचा. डब्ल्यू. एस. मिलार्ड हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव. पुढे पक्षीतज्ज्ञ झालेल्या सालिम अलींनी लहानपणी पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला नेली ती यांच्याकडेच. भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी १९११च्या सुमारास सुरू झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

आज हा कोंडाण्याचा उंदीर धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. कारणं साधी आहेत : गुरांची अति चराई, विरळ होत चाललेली झाडी आणि पर्यटकांची वर्दळ. लुलाइलाकोवर कोणी सहज फिरकत नाही, सिंहगडावर आपण फिरकतो.

म्हणून वसईकरांनो, पुढच्या वेळी सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाल तेव्हा पायवाट सोडून झुडपं तुडवू नका. बिळं दिसली तर काठी घालू नका. आणि उरलेलं अन्न, प्लास्टिक गडावर न टाकता सोबत खाली घेऊन या.