उकळी, यीस्ट आणि एक राहून गेलेला प्रश्न

मांडवीच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना आंबवण्याच्या विद्येचे नवल वाटत नाही. आमची आजी नाचणी भिजवून तिला मोड आणी, वाळवी, दळी आणि त्या पिठाची आंबील करी. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात 'माल्टोज' हा शब्द कानी पडला, तेव्हा मोड आलेल्या धान्यातील विकरे पिष्टाची साखर कशी करतात, हे मला पुस्तकाआधी आजीच्या परातीने शिकवले होते, हे ध्यानात आले.

ही आठवण जागी होण्याचे निमित्त थोडे वेगळे. न्यू जर्सीत पुतण्याकडे दीड महिना मुक्काम होता. एका रविवारी तो म्हणाला, "काका, आज घरी बिअर लावतोय. बघायला या." मी दचकलोच. घरची दारू म्हटले की बडोद्याच्या माणसाला लठ्ठा आठवतो. तिकडे मात्र १९७९ पासून घरच्या वापरापुरती बिअर करण्यास केंद्रीय कायद्याची मुभा आहे. एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन आणि कुटुंबास २०० गॅलन. विक्रीला अर्थातच मनाई.

बाजारातून आणलेल्या संचात मोड आणून भाजलेले थोडे जव, काकवीसारखा दाट माल्टचा अर्क, हॉप्स नावाच्या वेलीची वाळलेली फुले आणि यीस्टची पुडी एवढेच होते. जव मलमलच्या पिशवीत बांधून सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवले. पिशवी काढून, आच बंद करून, मग अर्क ढवळला; आच चालू ठेवली तर तो बुडाशी लागतो. त्यानंतर तासभर उकळी. आरंभी घातलेली हॉप्स काढ्यासारखा कडूपणा देतात, अखेरीस घातलेली सुगंध. उकळी संपताच पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून त्याने ते झपाट्याने २० अंशांपर्यंत निववले.

येथून पुढे पुतण्याचे रूप पालटले. झाकणे, नळ्या, चमचा, कात्री, सारे जंतुनाशकात बुडवलेले. "उकळीपर्यंत मी स्वयंपाकी असतो, उकळीनंतर तुमच्यासारखा सर्जन," तो हसून म्हणाला. कोमट, गोड द्रव जिवाणूंनाही यीस्टइतकाच आवडतो. यीस्टला आघाडी मिळाली नाही तर सारे पिंप आंबट होते. यीस्ट घालून तोंडाला पाण्याची कोंडी असलेली नळी बसवली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर जाईल आणि हवा आत येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुड सुरू झाली.

मग त्याने एक काचेची तरती नळी काढली आणि मला हसू आले. आम्ही विद्यार्थिदशेत लघवीचे विशिष्ट गुरुत्व ज्या उपकरणाने मोजत असू, त्याचेच ते भावंड! आरंभी वाचन १.०५०, दोन आठवड्यांनी १.०१२, या फरकावरून अल्कोहोल सुमारे ५ टक्के. आकडा लागोपाठ काही दिवस स्थिर राहिल्यावाचून तो बाटल्या भरत नाही. साखर शिल्लक राहिली तर बंद बाटलीत वायू साठून ती फुटते. बाटल्या भरताना फेसापुरती मोजून साखर, आणि पुन्हा दोन आठवडे थांबणे. प्रत्येक खेपेची तारीख, तापमान, वाचने, चुका, सारे एका वहीत. मी एक घोट घेतला. भाजलेल्या भाकरीचा वास आणि मागाहून कडवटपणा. पेयापेक्षा मला ती वहीच अधिक भावली.

वैद्यकावर या धंद्याचे ऋण मोठे आहे. पाश्चरने किण्वनाचा अभ्यास केला, त्यातून स्फूर्ती घेऊन लिस्टरने १८६७ मध्ये निर्जंतुक शस्त्रक्रियेचा पाठ घातला. आपण रोज ज्याचा उच्चार करतो तो पीएच १९०९ मध्ये सोरेन्सनने कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडला. संशोधनातील 'टी टेस्ट' गिनेस कंपनीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ मध्ये दिली. आपल्या बडोद्यात १९०७ मध्ये प्रा. गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी उभारलेल्या अलेम्बिकचा आरंभ अल्कोहोल आणि टिंक्चरपासून झाला. पुढे तेथे पेनिसिलिनही होऊ लागले. किण्वनाची शिस्त ती हीच.

परतल्यावर ओळखीतल्या अनेकांनी विचारले, "घरच्या बिअरने डोळे जातात का हो?" उत्तर असे: धान्याच्या किण्वनात मिथेनॉल नगण्य होते आणि बिअर गाळून तीव्रही केली जात नाही. डोळे जातात ते औद्योगिक मिथेनॉल दारू म्हणून विकल्याने. १९८९ मध्ये बडोद्यात, २००९ मध्ये अहमदाबादेत शंभरावर माणसे दगावली. २०२२ मध्ये बोटाद-अहमदाबाद भागात पुन्हा तेच. मात्र म्हणून कोणी येथे संच मागवू नये. १९४९ चा नशाबंदी कायदा गुजरातेत आजही लागू आहे आणि दारू बनवणे हा गंभीर गुन्हा आहे. शिवाय ५ टक्के अल्कोहोलही यकृताच्या लेखी अल्कोहोलच.

आता जे सांगायला ही लेखणी उचलली, ते. १९८९ नंतर काही वर्षांनी एक तरुण सकाळी माझ्या दवाखान्यात आला. मळमळ, पोटदुखी, डोके जड. वडील शेजारी बसले होते. मी त्यांच्यादेखतच विचारले, "काल काही घेतले होतेस का?" तो म्हणाला, "नाही." मी आम्लपित्ताचे औषध देऊन त्याला घरी पाठवले. संध्याकाळी त्याला समोर नुसते धुके दिसू लागले. तो वाचला, दृष्टी परतली नाही.

मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो. लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी उमटतात. हीच वेळ आपल्या हातची असते. बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल, विकराला अडवणारे फोमेपिझोल किंवा ते नसेल तर एथेनॉल, आणि डायलिसिस, हे सारे उपलब्ध आहे. मला त्या सकाळी औषध कमी पडले नाही. प्रश्न विचारण्याची रीत कमी पडली. वडिलांना दोन मिनिटे बाहेर बसवून, चौकशीचा सूर टाळून विचारले असते, तर कदाचित त्याने सांगितले असते.

पुतण्याच्या वहीत प्रत्येक थेंबाचा हिशेब होता, कारण त्याला काही लपवायचे नव्हते. आपल्या शहरात पिणारा लपवतो, विकणारा लपवतो आणि आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नसते. कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण तपासणीच्या खोलीचे दार बंद करून, आवाज खाली आणून, "जे असेल ते मला सांग, आधी तुझे डोळे वाचवू," एवढे म्हणणे प्रत्येकाच्या हाती आहे. नोंदी आणि कायदेशीर बाबी नंतरही होतात. त्या तरुणानंतर आजवर मी हा प्रश्न कोणालाही घरच्यांसमोर विचारलेला नाही.