पहिल्या सरीचा वास

2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. अशा उन्हाळ्यात वळवाची एखादी सर येऊन गेली तर घागर काही भरत नाही. तरी लातूर काय, नांदेड काय, माणसं दारात येतात आणि छाती भरून वास घेतात.

1964 साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी या वासाचा उगम शोधला. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं दगडमातीत मुरत राहतात, ओल लागली की सुटतात. त्यात भर पडते जिओस्मिनची. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते बनवतात. एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपलं नाक ते टिपतं. (हेच जिओस्मिन पिण्याच्या पाण्यात आलं, की आपण ‘मातकट’ म्हणून तोंड वाकडं करतो.)

हा वास हवेत उडतो कसा, हे 2015 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. थेंबाखाली अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते, फुटते आणि बारीक तुषार उडवते. हलक्या-मध्यम सरीत हे तुषार जास्त, मुसळधार पावसात कमी. म्हणजे धरण भरणारा पाऊस वासाच्या बाबतीत कंजूषच! नाकाकडून मेंदूतल्या भावनांच्या केंद्रांकडे जाणारी वाटही आखूड असते, म्हणून विचार करायच्या आधीच बरं वाटून जातं.

पण एवढ्याशा सुखाचा संकटात उपयोग काय? मानसशास्त्रज्ञ सुसान फोकमन यांनी 1990च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सग्रस्त जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न सगळे ताणाचे. मुलाखत देणारेच म्हणाले, आमचं बरं काय चाललंय तेही विचारा की! विचारल्यावर जवळपास प्रत्येकाकडे सांगण्याजोगं काही निघालं, बहुतेक अगदी साधं. दुःख त्यानं हटलं नव्हतं, दोन्ही एकत्रच नांदत होती.

दुष्काळी गावात येऊन ‘सकारात्मक राहा’ सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. फोकमन यांच्या माणसांना ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि मराठवाड्यालाही शिकवायची गरज नाही. मराठवाड्याला हवंय ते नळाला पाणी.