बांबूचा परवाना कोणाच्या हाती?

बांबू शास्त्राने गवत. पण 1927च्या भारतीय वन अधिनियमाने त्याची गणना झाडांत केली. त्यामुळे तोडायला परवानगी आणि नेताना वाहतूक परवाना, दोन्ही वनखात्याकडून घ्यावे लागत. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवून ग्रामसभांना त्यावर हक्क दिला. तरी परवान्याचे पुस्तक खात्याच्याच टेबलावर राहिले, आणि परवान्याविना बांबू विकायचा कसा? गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने हा प्रश्न लावून धरला. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. नियम बदलायला मात्र 2012 उजाडले. आता ग्रामसभेची समिती परवाना देते. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची ग्रामसभाही आपला बांबू स्वतः विकते. माझ्या मते छोट्या धंद्यासाठी याहून मोलाची सुधारणा या जंगलपट्ट्यात झालेली नाही.

2017च्या दुरुस्तीने वन अधिनियमातील झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला, म्हणजे शेताच्या बांधावरचा बांबू सुटला. वनातला बांबू मात्र वनोपज म्हणून त्या अधिनियमाखाली अजून आहे. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला नाही, तिथल्या बुरुडाला सूप-टोपल्यांच्या बांबूसाठी आजही वनखात्याकडेच जावे लागते.